गावपळणीची वाट नकाशात नव्हती

परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी गाडीच्या डिकीतून अजून गवताच्या काड्या निघतात. मागच्या सीटखाली काल कोंबडीचं पीस सापडलं. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, मी कोकणात मासे खायला गेले होते. मासे खाल्ले, ते नाकारत नाही. पण गेले होते कामाला, आणि माझं काम काय ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

वादळ येणार म्हटलं की किनाऱ्यावरच्या लोकांना घरं सोडायला सांगतात. अशा वेळी किती गाड्या एकदम रस्त्यावर येतील, कोंडी कुठं होईल, कुठला ड्रायव्हर कुठली वाट धरेल, हे आम्ही कंप्युटरवर आधीच चालवून पाहतो. पडद्यावर रस्त्यांच्या रेघा असतात आणि गाड्यांचे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला आम्ही दोन गोष्टी शिकवलेल्या असतात. सुरक्षित जागा गाठायची, आणि कमीत कमी वेळाचा रस्ता घ्यायचा. वीस वर्षं मी पुण्यात बसून ठिपके पळवते आहे. घरी जाताना मात्र रोज त्याच चौकात अर्धा तास अडकते, यावरून माझा नवरा काय बोलतो ते इथं लिहीत नाही.

या खेपेला सिंधुदुर्गाचा किनारा होता. वादळाची सूचना आली की कुठल्या गावाला किती एसटी गाड्या पाठवायच्या, त्याचा तक्ता सोमवारी द्यायचा होता. त्यात एका गावापुढं मी शून्य लिहिलं होतं. शेरा होता, ‘सूचना देऊनही गाव सोडत नाहीत.’ ते गाव माझंच. मिठबावपासून थोडं आत, खाडीच्या काठाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या गावचे लोक वाचतात आणि मग फोन करतात.

त्या गावात पाण्याला सगळ्यांत जवळचं घर माझ्या काकीचं. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, काका गेल्यापासून एकटी, मूलबाळ नाही. पुढच्या वादळात तिच्या दाराशी गाडी येणार की नाही, ते माझ्या त्या शून्यावर ठरणार होतं. शून्य लिहिताना मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला राग आला होता. न निघणाऱ्यांसाठी गाड्या अडकवून ठेवायच्या आणि निघणाऱ्यांना कमी पडू द्यायच्या, हे मला पटत नाही. तरी तक्ता हातावेगळा करण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहून यावं, असं ठरवलं. काकीला फोन केला तर ती म्हणाली, “ये, ये. गावपळण लागली हा.” लागली आहे म्हणजे देवाने कौल दिला आहे; गावपळण म्हणजे काय, ते पुढं येईलच.

बांदा, इन्सुली

गावाला जाण्याआधी एक दिवस बांद्याला काढला. गोव्याकडून वर येणाऱ्या गाड्या आणि किनाऱ्यावरून हायवेला लागणाऱ्या गाड्या त्या पट्ट्यात एकत्र येतात, म्हणून तिथल्या ड्रायव्हरांना विचारायचं होतं.

लहानपणी गोव्याला आत्याकडे जाताना बाबा इथं आम्हाला बाजारात उतरवायचे. एका हाताने माझं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातात खाज्याचा पुडा. गुळाचं, आल्याचं ते खाजं मी आत्याच्या घरापर्यंत पुरवायचे, एकेक नळी चोखून. यावेळी मीच पुडा घेतला आणि गाडीत बसून दहा मिनिटांत संपवला. चव तीच होती. माझाच धीर कमी झालाय.

चहाच्या हॉटेलात उसळ-पाव खाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला मी कागद काढून विचारलं, “वादळाची सूचना आली, तर तुम्ही कुठला रस्ता धराल?”

“खंय आसंय त्येच्यार आसा.”

“समजा, इथंच आहात.”

“मगे आधी घराक जातलंय.”

“घर कुठं?”

“वेंगुर्ल्याक.”

“म्हणजे समुद्राकडं? वादळ तिथूनच येणार ना?”

त्याने पाव उसळीत बुडवून ठेवला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मगे? घर थयच आसा न्हय!”

हे काही मला नवं नव्हतं. धोक्याच्या वेळी माणूस आधी घरच्यांना गोळा करायला उलट्या दिशेनं जातो, हे आमच्या कामात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कागदावर खूण केली आणि इन्सुलीला गेले. तिथं तपासणी नाक्याच्या बाहेर दुपारभर ट्रकवाल्यांना तेच विचारलं. एक कारकून माझ्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलत होता, “आपण तिथं बसावं, मॅडम.” तेवढ्यात घरून फोन आला आणि तो ओरडला, “गे, बांगडे नको घेव, माका आज गुरवार आसा!” मला एकदम आमच्या ओटीवर बसल्यासारखं वाटलं. पुण्यात मी बाबांशी फोनवर असंच बोलायचे आणि ऑफिसातले माना वळवायचे. बाबा गेल्यापासून तसं बोलायला मला कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी गावाकडे निघाले आणि रस्त्यांची ही तज्ज्ञ बाई रस्ता चुकली. फोनने सांगितलं उजवीकडे वळा, मी वळले. रस्ता बारीक होत गेला, मग नुसता चाकोरीचा झाला आणि शेवटी एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, संपला. समोर भाताचा पेंढा आणि एक बाई सूप हातात धरून उभी.

“फोनान धाडल्यान मां?” ती म्हणाली. “गेल्या आयतवारी पन एक गाडी अशीच इली. पानी पी आनि फाटी फिर.”

गूळपाणी देऊन तिनेच मला गाडी मागे घ्यायला हात दाखवला. घेता घेता मी पेंढ्याची अर्धी उडवी पाडली, तरी ती हसतच होती.

काकीचं घर

काकी खळ्यातच उभी होती. “इलंस? वाटेत चुकलंस काय गो?”

“तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या गाडयेक पेंढो लागलो हा.”

काकीचं घर आणि आमचं घर यांच्यात दगडांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. आमचं घर बाबा पुण्याला गेल्यापासून बंद. चौथीनंतर मी इथं राहिले नाही, मे महिन्यात यायची तेवढीच, आणि तेही काकीकडेच जेवायची. त्या संध्याकाळी तिने घावणे काढले, काळ्या वाटाण्याचं सांबार केलं आणि मी किती खाते ते बघत समोर बसली. पुण्यात पाहुण्याला ‘अजून घेणार का’ असं विचारतात. काकी विचारत नाही, वाढते.

गावपळण म्हणजे काय, ते माहीत नसलेल्यांसाठी सांगते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री गावाबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. शिवेच्या पलीकडे माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहायचं. तेवढे दिवस गावात फक्त देव आणि त्याचे गण. मागे कोणी थांबायचं नाही, मधे कोणी पाऊल टाकायचं नाही. हिंदू घरं जातात, तशी क्रिस्तांवांचीही जातात.

मी नऊ वर्षांची असताना एक गावपळण पाहिली होती. मुलांना पहिल्याच बैलगाडीतून पाठवायचे, त्यामुळे मला आठवतं ते सगळं पुढचं. गाडीत डालग्याखालची कोंबडी माझ्या पायाला चोच मारत होती. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, काजूच्या झाडांखाली वाडीच्या खोपी एका रांगेत होत्या. शाळा बंद, पाटी घरी, आणि आई कधी नव्हे ती दुपारी बायकांबरोबर फुगडी घालत होती. इतकं सुख मला नंतर कुठल्याही सहलीत मिळालेलं नाही. मागे राहिलेली मोठी माणसं घरं कशी बंद करत, ते मी पाहिलंच नव्हतं.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. “काकी, गावपळणीला सगळे उठून जाता. वादळात का जात नाही? शाळेत निवारा आहे, गाडी न्यायला येते.”

“शाळेत गोरवां खंय बांधतलंय? चवथीच्या वर्गात?”

“गोरवांचं नंतर बघू. आधी माणसं.”

“ता तुका पुन्यात बसान सांगूक बरा,” म्हणत ती ताटं घेऊन उठली.

पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि आमच्या गावापुढचं शून्य तसंच ठेवलं. त्या शून्यामागं माझं आणखी एक दुखणं होतं, तेही सांगते. मागच्या मोठ्या वादळाच्या दिवशी दुपारी मी पुण्याहून काकांना फोन लावला होता. “खाली वाडीतच आसंय,” असं ते म्हणाले आणि माझा तोल गेला. मी लोकांना वाचवायचे तक्ते करते आणि माझ्याच घरचे हटून बसतात, असं काहीबाही बोलले. शेवटचं वाक्य होतं, “मरायचंच असेल तर बसा तिथंच.” ते म्हणाले, “होय गो बाय, निघतंय,” आणि फोन कट झाला. आठवड्याने ते गेले. छातीत कफ भरला होता. मी बाराव्याला आले, त्याच दिवशी परतले. घर सोडलं नाही, भिजले आणि गेले, असं मी मनाशी धरून चालले. कोणाला विचारलं नाही. पुढं आमच्या ऑफिसची मुलं गावोगाव सर्वेक्षणाचे कागद भरायला गेली, त्यांच्या कागदावरही तेच आलं. ‘निवाऱ्यात गेले का?’ सगळ्या वाडीचं उत्तर, नाही.

गाव पळतो

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात ढोल वाजला आणि गाव हलला. आता बैलगाड्या नाहीत. रिक्षा, टेम्पो, मोटरसायकली, आणि मोटरसायकलवर मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर बकरीचं पिल्लू. गुरं मुलांबरोबर चालत पुढं गेली. मी काकीचा पसारा गाडीत भरत होते. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, गोलम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, बरणी, दोन गोधड्या आणि एक कोंबडी, जिने पुढं माझ्या सीटची वाट लावली.

गुडघ्यांमुळे काकी शेवटी निघणार होती, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मला मागचं सगळं दिसलं. काकीने कुलूप लावलंच नाही. नुसती कडी घातली, अंगणातल्या आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, मोडला आणि कडीत खोवला.

“हे काय?”

“घर रिकामा झाला, मागे कोण नाय, तेची खूण. टाळो बघलो की वाटेवरच्यान त्या घराक थांबूचा नाय, फुडे जावचा.”

वाडीच्या टोकाकडून पास्कू मास्तर येत होते. मला चौथीपर्यंत त्यांनी शिकवलं. ऐंशीचे झालेत, पण पाठ ताठ. वाडीतून सगळ्यांत शेवटी निघायचं आणि घरं तपासायची, हे काम पूर्वी माझ्या काकांकडे होतं, आता मास्तरांकडे. ते प्रत्येक दाराशी उभे राहत, तीन हाका मारत आणि टाळ लावलेला आहे ना, ते बघत. हाक घरातल्या सगळ्यांत धाकट्याच्या नावाची.

“म्हातारो आपणहून येता,” मास्तरांनी मला शिकवल्याच्या सुरात सांगितलं. “पोर निजलेला आसता. ताच मागे रवता.”

स्वतःच्या दाराशी त्यांनी नातीला हाक मारली होती, ती आम्हाला लांबून ऐकू आली होती. “रोजा! गो रोजा! रोजा गोऽ!”

“मास्तर, रोजा तर मडगावला असते ना?”

“आसता. म्हणान काय झाला? घर तिचा हयच आसा. हाक मारूक व्हयी.”

मला हसू आलं. मी काकीला गाडीत बसवलं आणि मास्तरांना पुढच्या दारांशी सोडून आम्ही निघालो.

सड्यावर

सडा तोच होता. काजूची झाडं मोठी झाली होती, जांभ्या दगडाच्या जुन्या चिरेखाणीत पाणी साचलं होतं आणि खोपींवर झापांच्या जोडीला निळी ताडपत्री आली होती. आमच्या वाडीची जागा ठरलेली, वाडवडिलांपासूनची, विहिरीच्या उगवतीला. कुठं जायचं हे कोणाला विचारावं लागत नाही. आमच्या ठिपक्यांना आम्ही हीच एक गोष्ट सगळ्यांत कष्टाने शिकवतो, आणि इथं शेरडंसुद्धा आपापल्या झाडाखाली जाऊन उभी राहिली होती.

संध्याकाळी दगडांच्या चुलीवर पेज शिजत होती. मी खाणीच्या काठावर बसून लॅपटॉपवर मागच्या वादळानंतरचे फोटो चाळत होते. कागद भरायला जाण्याआधी, वादळाच्या दुसऱ्याच दिवशी, आमच्या मुलांनी पडझडीचे फोटो काढले होते. उडालेली कौलं, मोडलेला माड, आडवा पडलेला गोठा. हे फोटो मी निदान पन्नास वेळा पाहिले असतील.

प्रत्येक दाराच्या कडीत आंब्याचा टाळ होता.

वाऱ्याने उडून अडकला असेल, असंच मी तेव्हा धरलं होतं. वारा काय प्रत्येक कडीत मोजून एकेक टाळ खोवत फिरतो? मी लॅपटॉप तसाच उचलून मास्तरांच्या खोपीकडे धावले. ते सुपारी कातरत बसले होते.

“मास्तर, वादळात तुम्ही घरं सोडली होतीत?”

“सोडली मगे! सगळी वाडी हय होती. ह्या खाणीच्या आडोशाक.”

“मग आमच्या पोरांना तुम्ही ‘नाही’ का सांगितलंत?”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “बरे होते गो ते पोरगे. विचारल्यानी, ‘शाळेतल्या निवाऱ्यात गेला होतात का?’ आमी सांगला, नाय. शाळेच्या वाटेर साकव आसा, उधानाक तो पाण्याखाली जाता. थय कोण जातलो? पन खोटा कित्याक सांगू?”

“मग कुठं गेलात, असं त्यांनी विचारलं नाही?”

“ता कागदार नव्हता.”

तो कागद मी केला होता. पुण्यात, एका दुपारी, प्रश्न कमी ठेवले म्हणून स्वतःवर खूश होत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. घर सोडणं आणि शाळेत जाणं या दोन गोष्टी मी एका प्रश्नात कोंबल्या आणि शाळेत नाही गेले ते घरातच बसले, असा हिशेब केला. माझ्या घरात मीच एकटी हटवादी निघाले.

“आणि काका?” मला विचारायचं धाडस होत नव्हतं, पण विचारलं.

“तो नसतो तर आमी खंयचे?” मास्तर म्हणाले. “मासळेचो टेम्पो मागून घेतल्यान. तीन फेरयो मारल्यान. डांबरी वाटेन पाच मिन्टात वर येवचा, तर तो खाडयेकडच्या पाणंदीन येय. दर घराक थांबाचा, उतराचा, हाक मारायची, टाळो लावचो. मी म्हटलंय, अरे, वारो वाढता. म्हणालो, मास्तर, थांबो सोडून गाडी नेलेली माका चलाची नाय.”

काका तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. लहानपणी मी त्यांच्या गाडीत पुढच्या बाकावर बसायचे, तेव्हा ते रिकाम्या थांब्यावरही गाडी हळू करून दोन्ही बाजूंना बघत. मी म्हणायचे, “काका, कोणी नाही, चला.” ते म्हणायचे, “बघूक काय जाता?” माझ्या एकाही ठिपक्याने पाणंदीची ती वाट घेतली नसती. दुप्पट वेळाची वाट आहे ती.

वादळाच्या त्या रात्री वाडी ताडपत्रीखाली, खाणीच्या भिंतीला टेकून बसली होती. काका ओलेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. अँब्युलन्स होती, पण शाळेपाशी उभी होती. ती कुठं उभी करायची ते मी ठरवलं नव्हतं, आणि ठरवलं असतं तर मीही तिथंच उभी केली असती. मी खाणीच्या काठावर जाऊन बसले आणि खूप रडले. काकी आली, शेजारी बसली. थोड्या वेळाने पेजेची वाटी माझ्या हातात देऊन गेली.

पुढचे दोन दिवस मी खोपी-खोपींतून फिरले. नवा कागद हातानेच आखला. कधी निघालात, कशाने, कुठल्या वाटेने, कुठं, बरोबर कोण कोण. लोक उत्साहाने सांगत होते, एकाच्या बोलण्यात दुसरा तोंड घालत होता. एका बाईने तर मांजरीचंही नाव लिहायला लावलं. मधे बायकांनी मला फुगडीला ओढलं. मी चार फेऱ्यांत चक्कर येऊन बसले आणि सगळ्या सड्याने माझी थट्टा केली. आईचे पाय त्या दगडावर असेच फिरले होते. तिची इतकी आठवण मला पुण्यातल्या घरात, तिच्या फोटोसमोर, कधी आली नव्हती.

सोमवारी सकाळी सरांना फोन लावला. खाणीच्या एका कोपऱ्यावर उभं राहिलं तरच रेंज येते, तिथं मी एका पायावर उभी. सर म्हणजे आमचे मुख्य, माणूस सरळ, पण घाईचा.

“सर, त्या गावापुढचं शून्य चूक आहे. ते लोक निघतात, सगळे, शेरडांसकट. फक्त शाळेत जात नाहीत, सड्यावर जातात.”

“सड्यावर छप्पर आहे?”

“नाही.”

“मग तो निवारा म्हणून दाखवता येणार नाही, नंदा.”

“निवारा म्हणून दाखवू नका. माणसं तिथं जातात, एवढं दाखवा. दोन एसटी गाड्या वाडीतून तिथं, आणि एक अँब्युलन्स. छप्पर मागाहून मागू.”

“मागचं सर्वेक्षण तुझंच होतं. तू स्वतःचाच तक्ता खोटा ठरवतेयस, कळतंय ना?”

“कळतंय सर. फोटो आहेत माझ्याकडे. दाराचे.”

त्यांनी शेरा काय लिहायचा ते विचारलं आणि मी सांगितला. दोन गाड्या आणि अँब्युलन्स तक्त्यात आल्या. छपराचं ‘नंतर बघू’ म्हणाले. हे ‘नंतर’ मला चांगलं माहीत आहे, म्हणून दर सोमवारी मी त्यांचं डोकं खाते आहे.

गाव भरला

चौथ्या दिवशी गाव भरायचा कौल मिळाला. ढोल वाजला आणि सगळे परत निघाले. मी मुद्दाम पाणंदीनेच गाडी घातली. काकी म्हणाली, “ह्या वाटेन कित्याक? गाडी खरचटात.” मी म्हटलं, खरचटू दे. दर दारापाशी माणसं उतरून कडीतले टाळ काढत होती. तीन दिवसांत पानं मऊ पडली होती. रिकाम्या गावात कावळेसुद्धा ओरडले नव्हते, असं वाटावं इतकं सगळं जागच्या जागी होतं.

काकीच्या दाराचा टाळ मी काढला. तिने गडग्यापलीकडे बोट दाखवलं. “तो पन काढ.”

आमच्या बंद घराच्या कुलपात एक टाळ खोवलेला होता.

“हा कोणी लावला?”

“मास्तरान. घर आसा, तर हाक मारूक व्हयी आनि टाळो लावक व्हयो. कुलूप आसला म्हणान काय?”

“हाक? कुणाच्या नावाने?”

“तुझ्या. ह्या घरात धाकटी तूच मां.”

मी टाळ हातात धरून तिथंच उभी राहिले. काकी गडग्याला टेकली, गुडघ्यावर हात ठेवला.

“त्या वादळातसुद्धा?” मी विचारलं.

“तेवा तुझ्या काकांनी मारल्यानी. तिसरे फेरयेक. मी टेम्पोत बसलेलंय. म्हटलंय, थय कुलूप आसा, कोण नाय, पावस केदो पडता, चला. पन आयकाक नाय. उतरले. हयच उभे रवान ‘नंदू गो’ म्हणान एक हाक मारल्यानी. दुसरी मारल्यानी. तिसरी मारूच्या आदी खिशातलो फोन वाजलो. तुझो.”

मी पायरीवर बसले. “काकी, मी तेव्हा त्यांना काय बोलले, ते तुला ठाऊक आहे?”

“वाऱ्यात माका कायेक आयकाक इला नाय. गाडयेत येवन बसले, ते हसत होते.”

“हसत?”

“होय. चावी फिरयल्यानी आनि म्हणाले, ‘नंदूक हाक मारलंय, आनि तिना ओ दिल्यान.’”